‘नाही’ म्हणायची मुभा

माणसांवर कोणतंही वैद्यकीय संशोधन करायचं, मग ती नव्या औषधाची चाचणी असो की घरोघरी भरून घ्यायची प्रश्नावली, आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयाच्या कमिटीवर मी बरीच वर्षं ‘सामान्य सदस्य’ आहे. ही जागा शोभेची नाही. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार कमिटीत किमान सात जण हवेत, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत, अध्यक्ष बाहेरचाच हवा. औषधचाचणीवर निर्णय घेताना जे पाच जण हजर असावेच लागतात, त्यांत डॉक्टर, वैद्यकशास्त्रज्ञ (शक्यतो औषधशास्त्रातला), वकील आणि समाजशास्त्रज्ञ किंवा सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी यांच्या जोडीला एक सामान्य माणूस लागतोच. तो आला नाही तर निर्णय होत नाही.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. औषधाचा डोस बरोबर आहे का, नमुन्याचा आकार पुरेसा आहे का, हे तपासणारी माणसं कमिटीत आहेत. माझ्या वाट्याला पेशंटच्या बाजूने बघण्याचं काम आलं. ते करता करता एक गोष्ट मनात पक्की झाली. एवढे नियम, एवढे कागद, एवढ्या सह्या कशासाठी? दवाखान्यात आलेल्या माणसाला डॉक्टरांच्या समोर बसून ‘नाही’ म्हणता यावं आणि तसं म्हटल्यामुळे त्याचं काही बिघडू नये, यासाठी. पुढचं सगळं या एका कसोटीवर घासून लिहिलेलं आहे.

१. पेशंट डॉक्टरांना नाही म्हणत नाही, हे धरूनच चालावं

आमच्याकडचा पेशंट सकाळच्या पहिल्या एसटीने येतो. केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, ओपीडीच्या बाकावर दोन-तीन तास काढतो आणि मग जेमतेम काही मिनिटं डॉक्टरांसमोर बसतो. त्याला त्या दिवशी आत बोलावून खुर्ची दिली, नाव घेऊन विचारपूस केली आणि ‘एका नवीन औषधाचा अभ्यास चालू आहे, तुम्ही याल का त्यात?’ असं विचारलं, तर तो काय म्हणणार? ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं.’

या उत्तरात डॉक्टरांवरचा विश्वास आहे, पण संमती नाही. आपल्यासमोर बसलेल्या डॉक्टरांची या घटकेला दोन कामं चालू आहेत हे त्याला ठाऊकच नसतं. उपचार करताना डॉक्टर तुमचा आजार बघून तुमच्यासाठी औषध निवडतात. संशोधनात तुम्ही कोणत्या गटात जाणार ते संगणक ठरवतो आणि पुष्कळदा नवीन औषध कुणाला मिळतंय, बिनऔषधाची गोळी कुणाला, हे त्या डॉक्टरांनाही माहीत नसतं. हा फरक पेशंटला कळला नाही तर खालची सही व्यर्थ आहे.

अगदी नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकातला सहभागी असेल तर संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रण करावं लागतं. असं एक चित्रण आम्ही कमिटीत बसून पाहिलं. कॅमेरा टेबलाच्या कडेला होता. तरुण डॉक्टर कागद वाचत होते, न थांबता, पान उलटत. समोरचे गृहस्थ पन्नाशीचे, अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. ते डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि वाक्य संपलंसं वाटलं की मान हलवत होते. एकदा डॉक्टर मध्येच खोकले, तेव्हाही त्यांनी मान हलवली. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘समजलं ना सगळं?’ पुन्हा मान. ‘काही प्रश्न?’ ते म्हणाले, ‘न्हाई. तेवढी चारची गाडी मिळंल न्हवं?’

नियमाप्रमाणे त्या चित्रणात सगळं होतं. चेहरे स्पष्ट, आवाज स्पष्ट, सही स्पष्ट. आम्ही ते परत पाठवलं. त्या सहभागींना पुन्हा भेटून सगळं सांगायला लावलं आणि एक अट घातली की शेवटी डॉक्टरांनी ‘समजलं का’ असं विचारायचं नाही. ‘तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणायचं. उत्तरात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: हा अभ्यास आहे, यात नाही आलो तरी नेहमीचे उपचार मिळतील, मध्येच सोडता येईल. शक्य असेल तिथे संमती घेणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळी असावी, असाही आग्रह आम्ही धरतो. आणि कागद घरी नेऊ द्यावा. बायको, मुलगा, शेजारचा शिकलेला पुतण्या यांच्याशी बोलून माणूस पुढच्या वेळी येतो, तेव्हा त्याच्याकडे प्रश्न असतात. काही जण पुढच्या वेळी येतच नाहीत. तेही उत्तरच आहे, ते मुकाट्याने स्वीकारावं.

२. संमतीपत्र मोठ्याने वाचून बघावं

औषधकंपनीच्या चाचणीचं संमतीपत्र वीस-बावीस पानांचं असतं. मूळ इंग्रजी, मराठी कुठल्या तरी शहरातल्या संस्थेने केलेलं. सोबत भाषांतर अचूक असल्याचं प्रमाणपत्र. मी ते घरी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचते. ज्या वाक्याला दम लागतो ते पेशंटपर्यंत पोचणार नाही, हे लगेच कळतं. ‘सदर अभ्यासौषधाच्या सेवनापश्चात उद्भवणाऱ्या प्रतिकूल परिणामांसंदर्भातील वैद्यकीय व्यवस्थापनाचे दायित्व प्रायोजकाचे राहील’ या धर्तीची वाक्यं पानोपानी असतात. आम्ही सुचवतो: ‘हे औषध घेतल्यामुळे तुम्हाला त्रास झाला, तर त्यावरच्या उपचाराचा खर्च कंपनी करेल. तुम्हाला पैसे भरावे लागणार नाहीत.’ कंपन्यांचे लोक सुरुवातीला कुरकुरतात, कायदेशीर भाषा बदलता येत नाही म्हणतात. आमचे वकील सदस्य त्यांना समजावतात की पेशंटला न कळणाऱ्या भाषेत दिलेलं वचन कोर्टात त्यांनाच जड जाईल. मग बदलतात.

कागदाच्या शेवटी दोन फोन नंबर असतात, एक मुख्य संशोधकाचा आणि एक कमिटीच्या सचिवांचा. बैठकीच्या आधी ते दोन्ही फिरवून बघायची मी सवय लावून घेतली आहे. कधी बदलून गेलेल्या डॉक्टरांचा नंबर असतो, कधी दुपारी दोननंतर कुणी उचलत नाही असा कार्यालयातला फोन असतो. ज्या नंबरवर रात्री अकराला माणूस भेटत नाही, तो संमतीपत्रावर छापू नये.

३. सहीच्या शेजारची तारीख कुणाच्या अक्षरातली आहे ते बघावं

मंजुरी दिली की कमिटीला प्रत्यक्ष जाऊन पाहणी करता येते. पुष्कळ कमिट्या जात नाहीत. वेळ नसतो, मानधन नाममात्र असतं, आणि आपल्याच संस्थेतल्या डॉक्टरांची कपाटं उघडून बघायची म्हणजे अवघडल्यासारखं होतं. पण गेलंच पाहिजे. एका खोलीत तासभर फाइली चाळल्या तर जे कळतं, ते वर्षाच्या अहवालात कधी येत नाही.

सहभागीने सहीबरोबर तारीख आणि वेळ स्वतः लिहायची असते. एकदा एका अभ्यासाच्या फाइली बघताना सह्या निरनिराळ्या होत्या, पण तारखा सगळ्या एकाच निळ्या शाईच्या पेनाने, एकाच तिरकस अक्षरात. चारचा आकडा वरून उघडा, सातच्या पोटात आडवी रेघ. अंगठा उमटवलेल्या कागदांवर साक्षीदाराची सही होती आणि प्रत्येक कागदावर साक्षीदार एकच, त्या अभ्यासाचे पगारी कोऑर्डिनेटर. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे बसलेला तटस्थ साक्षीदार लागतो. ज्याचं पोट त्या अभ्यासावर चालतं तो तटस्थ कसा?

कोऑर्डिनेटर तरुण होता, रडवेला झाला. ‘मॅडम, त्यांना वेळ लिहायला जमत नाही, मागे रांग असते, म्हणून मी लिहितो.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला महिन्याला अमुक इतके सहभागी भरायचं लक्ष्य दिलेलं होतं, हे त्याच्याशी शांतपणे बोलल्यावर कळलं. दोष त्या लक्ष्यात होता. कमिटीने त्या अभ्यासातली नवी भरती थांबवली, आधीच्या प्रत्येकाला पुन्हा बोलावून पुन्हा विचारायला लावलं, आणि साक्षीदार म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना बसवायला सांगितलं. पुन्हा विचारल्यावर काही जण अभ्यासातून बाहेर पडले. त्यांचे नेहमीचे उपचार तसेच चालू राहिले ना, हे आम्ही पुढच्या पाहणीत मुद्दाम तपासलं. राहिले होते.

४. ‘नुसती प्रश्नावली आहे, यात धोका काय?’ असं कुणी म्हटलं की तिथे थांबावं

आमच्यासमोर येणाऱ्या प्रस्तावांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध सर्वाधिक. त्यांत औषध नसतं, सुई नसते. धोक्याच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलेलं असतं.

एका विद्यार्थिनीला गरोदर बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल विचारायचं होतं. विषय फार महत्त्वाचा, मुलगी तळमळीची. मी तिला विचारलं, तपासणीला या बायका कुणाबरोबर येतात? ती म्हणाली, सासूबरोबर, नाहीतर नवऱ्याबरोबर. मग तू त्यांना कुठे बसवून विचारणार? बाकावरच, ती म्हणाली, रक्तदाब घेतात तिथे. आणि माहितीचा कागद? तो नियमाप्रमाणे त्यांना घरी न्यायला देणार. त्या कागदाच्या डोक्यावर ठळक टायपात छापलं होतं: ‘गरोदर स्त्रियांवरील घरगुती हिंसाचाराचा अभ्यास’.

तो कागद पिशवीत घालून ती बाई ज्या घरी जाणार, ते घर डोळ्यांपुढे आणल्यावर विद्यार्थिनीच गप्प झाली. पुढच्या बैठकीत ती सगळं नव्याने मांडून घेऊन आली. कागदावरचं नाव ‘गरोदरपणातलं आरोग्य’ असं साधं. प्रश्न वजनकाट्याच्या खोलीत, दार लावून, सासूला बाहेर थांबवून. कुणी आत आलं तर लगेच आहाराचे प्रश्न सुरू करायचे. आणि एखादी म्हणाली की मला घरी जायची भीती वाटते, तर पुढे काय? समाजसेवा अधीक्षकांकडे त्याच दिवशी नेऊन भेटवायचं, महिला मदतवाहिनीचा १८१ हा नंबर तोंडी सांगायचा, लिहून द्यायचा नाही. दुःख विचारायचं आणि फॉर्म घेऊन निघून यायचं, हे संशोधनात चालता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

हेच गुप्ततेचं. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या अभ्यासासाठी गावात जाणाऱ्या मोटारसायकलीवर प्रकल्पाचं नाव असलेलं स्टिकर असतं. ती गाडी कुणाच्या दारात थांबली हे वेशीपासून देवळापर्यंत अर्ध्या तासात कळतं. संगणकातली नावं सांकेतिक आकड्यांत बदलून काय उपयोग?

५. जिथे नाही म्हणणं सगळ्यात अवघड, तिथे माणसं सगळ्यात सहज मिळतात

तुरुंग, वसतिगृह, बराक, आश्रमशाळा. सगळे एका जागी, हजेरी रोजची, वरून हुकूम आला की रांग लागते. संशोधकाला हे फार सोयीचं आणि म्हणूनच तिथे दुप्पट डोळे हवेत.

मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या धैर्याबद्दल मनात आदरच आहे. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या कैद्यांना ती टोचली गेली. पुढे आलेले कैदी स्वेच्छेने आले अशी नोंद आहे. त्या काळात याहून वेगळं कुणी काय केलं असतं, सांगणं कठीण. पण भिंतीआड प्लेग पसरलेला असताना, समोर गोरा साहेब आणि मागे जेलर असताना कैद्याच्या स्वेच्छेला किती जागा उरते? १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने पहिल्याच कलमात ऐच्छिक संमती का घातली, ते इथे समजतं. आज कैदी हा खास संरक्षण द्यायचा गट मानला जातो.

आणि हे सव्वाशे वर्षांपूर्वीचंच नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना देण्याचा एक प्रकल्प झाला. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था आणि आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) त्यात होती. मुली हजारोंनी, त्यातल्या कितीतरी आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. काही मुलींचे मृत्यू झाले, ओरड झाली, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमतीपत्रांचं काय निघालं? खम्ममच्या हजारो अर्जांवर आई-वडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या प्रकरणावर कडक अहवाल दिला.

मला यातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते की लस चांगली होती. जगभर तिने काम केलं. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी एचपीव्ही लसीला परवानगी मिळाली. तरी आजही ही लस मुलीला द्या म्हटलं की काही आया म्हणतात, ‘ती मुली मेल्या ती लस का?’ वॉर्डनच्या सहीने जे दिवस वाचले, त्यांची किंमत लसीला आणि तिची गरज असलेल्या मुलींना मोजावी लागली.

६. दुसऱ्या गटाला काय मिळणार, हे आधी विचारावं

प्रस्ताव उघडला की सगळ्यांचं लक्ष नव्या औषधाकडे जातं. मी दुसऱ्या गटाचा रकाना आधी वाचते, आणि त्याला कारण आमच्याच भागातलं आहे.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ५२ गावसमूहांतल्या, तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका चार गटांत विभागल्या. तीन गटांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन निरनिराळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीची व्यवस्था. आणि नेहमीची व्यवस्था म्हणजे, खेड्यात कुणी तपासत नव्हतंच. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाखावर बायकांवर असाच अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकेने आम्लाचं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी किती उपयोगी, हे त्यात बघायचं होतं. त्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं.

या दोन्ही अभ्यासांवर मोठा वाद झाला. टीकाकार म्हणाले, तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांत कधीच सिद्ध झालेलं असताना हजारो बायकांना तपासणीवाचून ठेवून मृत्यू मोजायचे, हे बरोबर नाही. त्या बायकांना पर्यायांची पूर्ण माहिती दिली होती का, हाही प्रश्न आला. संशोधक म्हणाले, इथे कुठलीच राष्ट्रीय योजना नव्हती, गर्भाशयमुखाच्या पेशी बघायच्या पॅप तपासणीसाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा खेड्यांत उभ्या राहणं शक्य नव्हतं. परवडणारी पद्धत इथे चालते हा पुरावा मिळाल्याशिवाय सरकार हलणार नव्हतं. मी दोन्ही बाजूंचं वाचलं. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. या संशोधकांनी दुर्लक्षित बायकांचा आजार जगापुढे मांडला, हे मी नाकारणार नाही. तरी चौथ्या गटातली बाई म्हणून मी स्वतःला तिथे बसवून बघते, तेव्हा ‘इथे आधीही काहीच मिळत नव्हतं’ हे उत्तर मला पुरत नाही. आधीची उपेक्षा ही पुढच्या उपेक्षेची परवानगी होऊ शकत नाही.

म्हणून आता प्रत्येक प्रस्तावाला आमचे ठरलेले प्रश्न असतात. दुसऱ्या गटाला आज उपलब्ध असलेला सर्वांत चांगला उपचार मिळेल का? नसेल तर का नाही? मधूनच निकाल स्पष्ट दिसू लागला तर थांबायचं कोण ठरवणार? आणि नवी पद्धत चांगली निघाली तर ती सर्वांत आधी कुणाला देणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘दुसऱ्या गटाला’ असंच हवं, आणि ते मंजुरीच्या आधी लेखी हवं.

७. पैसे प्रत्येक फेरीला द्यावेत, शेवटी एकदम नव्हे

येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळालीच पाहिजे. पण सगळी रक्कम अभ्यास संपल्यावर द्यायची असं ठरवलं की माणूस अडकतो. त्रास होऊ लागला तरी पुढचे पैसे बुडतील म्हणून सांगत नाही. प्रत्येक फेरीला पैसे देण्याचा बदल छोटा आहे, कंपन्या सहसा मान्य करतात.

८. मंजुरीनंतर खरं काम सुरू होतं

चाचणीत सहभागी असलेल्या माणसाला दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर ती गंभीर प्रतिकूल घटना ठरते. मुख्य संशोधकाने २४ तासांच्या आत ती औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि कमिटीला कळवायची असते. १४ दिवसांत सविस्तर विश्लेषण, आणि कमिटीने आपलं मत ३० दिवसांत पाठवायचं. घटनेचा औषधाशी संबंध निघाला तर भरपाई. वेळापत्रक उत्तम आहे. पण ते धावायला लागण्यासाठी आधी कुणाला तरी कळावं लागतं.

आमच्या एका चाचणीतले एक शेतकरी रात्री छातीत धडधडतंय म्हणून तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांना ते चाचणीचं औषध घेतात हे माहीतच नव्हतं. चाचणीच्या लोकांना कळलं ते पुढच्या ठरलेल्या फेरीला, आणि तेही बायको बोलता बोलता म्हणाली म्हणून. बिल तिने कानातलं गहाण ठेवून भरलं होतं. संमतीपत्रात खर्च कंपनी करेल असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण बावीस पानांतलं चौदावं पान आजारपणाच्या रात्री कुणाला आठवतं? कमिटीने पाठपुरावा केला, पैसे परत मिळाले, कानातलं सुटलं. तेव्हापासून प्रत्येक सहभागीला खिशात मावेल असं जाड कार्ड देणं आम्ही सक्तीचं केलं. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत: ‘ही व्यक्ती औषधचाचणीत सहभागी आहे, कोणतेही उपचार करण्याआधी या नंबरवर बोला, खर्चाची जबाबदारी यांची.’ आणि संमती घेताना घरातल्या एका माणसाला ते कार्ड दाखवून ठेवायचं.

दर वर्षीचा प्रगती अहवालही नुसता दाखल करून घेऊ नये. किती जण आले यापेक्षा किती जण सोडून गेले आणि का, हा रकाना वाचावा. मधूनच कुणीच सोडून जात नसेल, तर सोडता येतं हे त्यांना सांगितलं होतं का, याची मला काळजी वाटते.

९. कमिटीच्या टेबलावरही नाही म्हणता आलं पाहिजे

एखाद्या प्रबंधावर आक्षेप घेतला की ‘विद्यार्थ्याचं वर्ष वाया जाईल’ असं कानावर येतं. मोठी चाचणी असेल तर रुग्णालयाला मिळणाऱ्या निधीची आठवण करून दिली जाते. ज्येष्ठ विभागप्रमुखांचा प्रस्ताव असेल तर त्यांच्या हाताखालचे सदस्य कागदांत डोकं घालून बसतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा का हवा आणि निम्मे सदस्य बाहेरचे का हवेत, ते अशा वेळी कळतं. ज्या सदस्याचा स्वतःचा प्रस्ताव आहे त्याने त्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं असतं. आमचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, ते ‘सर, दहा मिनिटं’ एवढंच म्हणतात आणि दार लागेपर्यंत बोलायला सुरुवात करत नाहीत.

नव्या सदस्यांना मी सांगते: पटलं नाही तर आपला विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी विरोध चहाबरोबर विरून जातो. आणि अभ्यासाची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत झाली आहे का, ते स्वतः बघा. २००७ पासून ती सर्वांसाठी खुली आहे. नोंद पहिला सहभागी घेण्याआधीची हवी, म्हणजे नंतर निकाल बघून उद्दिष्ट बदलता येत नाही.

१०. निकाल सांगायला परत जावं

अभ्यास संपतो, शोधनिबंध छापला जातो, विद्यार्थ्याला पदवी मिळते. ज्यांनी रक्त दिलं, मजुरी बुडवून फेऱ्या मारल्या, त्यांना काय सापडलं हे कुणी सांगत नाही. आमच्या मंजुरीपत्रात आता एक अट असते: अभ्यास संपल्यावर एका पानाचा मराठी सारांश कमिटीला दाखवून प्रत्येक सहभागीला द्यायचा, वाचता येत नसेल त्याला बसून सांगायचा.

मध्यंतरी एका चाचणीच्या संशोधकांनी सहभागींना रुग्णालयाच्या सभागृहात बोलावून निकाल सांगितला. औषध गुणकारी ठरलं होतं, आणि त्या आजारावर दुसरं औषध नाही. मागच्या रांगेतल्या एक आजी उठून म्हणाल्या, ‘मला कंची गोळी व्हती?’ यादी बघून डॉक्टरांनी सांगितलं, बिनऔषधाची. त्या म्हणाल्या, ‘मग आता खरी द्या की.’

२०१९ च्या नियमांत याची सोय आहे. दुसरा उपचार नसेल, औषध गुणकारी ठरलं असेल, संशोधकाने शिफारस केली, कमिटीने मान्यता दिली आणि सहभागीने लेखी संमती दिली, तर चाचणी संपल्यावरही कंपनीने ते सहभागीला मोफत द्यायचं. संशोधकांनी त्याच आठवड्यात शिफारस लिहिली. आम्ही तातडीची बैठक घेऊन मान्यता दिली, आजींच्या गटातल्या सगळ्यांसाठी. कंपनीने औषध कधीपर्यंत पोचवणार ते अजून कळवलेलं नाही. दुसरं स्मरणपत्र या सोमवारी जाणार आहे.